इलिंका मॅडम आणि गौरीचे सोळा सोमवार

गौरीनं धावत येऊन व्हॉल्टच्या टेबलावर हात टेकले, हवेत गिरकी घेतली, मॅटवर दोन्ही पायांवर उतरली आणि हात वर केले. पाऊल जागचं हललं नाही. आमच्या भाषेत याला ‘स्टिक’ म्हणतात. असं लँडिंग रोज बघायला मिळत नाही. हॉलमधल्या पोरींनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. इलिंकानं वाजवल्या नाहीत.

ती मॅटपाशी गेली आणि गौरीच्या नडगीकडे बोट दाखवून म्हणाली, "डावा पाय. कधीपासून दुखतोय?"

मी मराठीत विचारलं. गौरी म्हणाली, "न्हाय मॅडम, कुठं दुखतोय?"

मी इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं तर इलिंका म्हणाली, "राहू दे, कळलं. आता खरं काय ते विचार."

मी बारामतीत एका क्रीडा संस्थेत जिम्नॅस्टिक्सची कोच आहे. स्वतः इथंच शिकले. आमच्या वेळी उडी मारून पडायच्या खड्ड्यात उसाच्या चिपाडानं भरलेली पोती असायची. घरी गेलं की केसांतून चिपाडं वेचत बसायचं. आता त्या जागी फोमचा पिट आहे, वर पंखे आहेत आणि मुलींसाठी हॉस्टेल आहे. पोरी बारामती, इंदापूर, दौंडकडच्या. बहुतेकींच्या घरी ऊस आणि दोन म्हशी. शाळेच्या गॅदरिंगमध्ये कोलांट्या मारताना कुणीतरी बघतं आणि आमच्याकडे पाठवतं.

त्या वर्षी आमचे डायरेक्टर, जगदाळे सर, यांनी परदेशी कोच आणायचं ठरवलं. सहा महिन्यांसाठी रोमानियाची एक माजी जिम्नॅस्ट आली, तीच इलिंका. वय पन्नाशीच्या पुढं, केस बारीक कापलेले, आवाज घोगरा. जिना उतरताना ती कठड्याला धरून आडवी उतरायची. सरांनी भिगवण रोडला तिचा फोटो लावून केवढा तरी फ्लेक्स केला. त्यात सरांचा फोटो तिच्यापेक्षा मोठा होता.

मला ती आली ते आवडलं नव्हतं, हे स्पष्ट लिहिते. इतकी वर्षं पोरी मी घडवल्या आणि आता फ्लेक्सवर रोमानिया. त्यात तिचं इंग्रजी तुटकं, माझंही तसंच. त्यामुळे आमचं भांडणसुद्धा धड होत नसे.

ती श्रावणात आली. पहिल्याच सोमवारी हॉस्टेलच्या मेसमध्ये तिला सांगितलं की आज निम्म्या पोरींचा उपास आहे. तिनं कपाळाला हात लावला. ट्रेनिंग आहे आणि पोरी उपाशी? मग ताटं आली. साबुदाण्याची खिचडी, वर दही, दाण्याची आमटी, भगर, बटाट्याचा कीस, केळी. इलिंकानं ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "याला उपास म्हणतात? मग मीपण उपास करणार." पुढच्या सोमवारपासून ती खरंच खिचडीच्या रांगेत उभी राहायला लागली. मेसच्या काकू तिला दाणे जास्त घालायच्या.

गौरी वरकुट्याची. आठवीत होती. आमच्याकडे तिच्याइतकी वर जाणारी पोर दुसरी नव्हती. व्हॉल्टमध्ये उंची हाच सगळा खेळ असतो. वर जाल तर हवेत वेळ मिळतो, वेळ मिळाला तर गिरकी पूर्ण होते. डिसेंबरात पुण्याला राज्य संघाची निवड चाचणी होती. तिथं निवड झाली की पुढं नॅशनल. आमच्या संस्थेतून तोवर कुणी तिथवर पोचलं नव्हतं. जगदाळे सरांचा सगळा भार गौरीवर होता, आणि खरं सांगायचं तर माझाही.

गौरीनंही श्रावणात सोळा सोमवार धरले होते. त्यात नवल काही नाही, आमच्याकडे दर वर्षी दोघी-तिघी धरतात. पण ती खिचडीसुद्धा खायची नाही. ‘कडक धरलाय’ म्हणायची. मग गुरुवार धरला, मग शनिवार. चतुर्थी आणि एकादशी होत्याच. मेसच्या काकू तिला दुरून हात जोडायच्या. "लई देवाची पोरगी हाय मॅडम. आजकालच्या पोरीत असलं दिसतंय का?"

मलाही तसंच वाटायचं. आमच्या घरी माझी आई असेच उपास करायची. उपास करणाऱ्या माणसाला आम्ही काही विचारत नाही. उलट त्याच्याशी जरा हळू बोलतो.

तर त्या दिवशी, त्या टाळ्यांनंतर, इलिंकानं गौरीला बाजूला घेतलं आणि मला म्हणाली, "तो तुमचा एका पायाचा खेळ असतो ना? तो खेळायला सांग."

मी गौरीला लंगडी घालायला सांगितली. उजव्या पायावर ती हॉलच्या टोकापर्यंत गेली. डाव्या पायावर दुसऱ्याच उडीला थांबली, शू बांधायचं निमित्त करून खाली बसली. आम्ही अनवाणी खेळतो. शू घातलेच नव्हते.

इलिंकानं तिची नडगी अंगठ्यानं दाबत दाबत खाली आणली. एका जागी गौरीनं ओठ दातात धरला. इलिंका उठली.

"व्हॉल्ट बंद, फ्लोअर बंद. एक्स-रे काढेपर्यंत एकही उडी नाही."

आता गौरीला रडू आलं. "मॅडम, ट्रायल हाय वो. मला नका बसवू. दुखत न्हाय म्हणते ना."

दुखणाऱ्या नडगीत दोन शक्यता असतात. एक, स्नायू ओढला गेलाय. त्याला बर्फ आणि थोडी विश्रांती पुरते. दुसरी, हाडालाच चीर पडलीय. रोज हजारदा आपटून हाड थकतं, रात्रीत ते भरून यायला हवं, पण भरत नाही. मग केसासारखी चीर पडते. तिला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. त्या चिरेवर उड्या मारत राहिलं की एक दिवस हाड आरपार जातं.

आम्ही एक्स-रे काढला. त्यात काहीच नव्हतं.

जगदाळे सर खूश झाले. आम्हाला केबिनमध्ये बोलावलं, चहा सांगितला.

"रिपोर्ट क्लिअर आहे. मग प्रॉब्लेम काय?"

इलिंका म्हणाली, "एक्स-रेमध्ये बारीक चीर सुरुवातीला दिसत नाही. एमआरआय करा."

"ट्रायल झाली की करू ना. पळून चाललीय का पोरगी?"

"ट्रायलमध्येच मोडेल."

"मॅडम, तुम्हाला आणलंय मेडलसाठी. पोरीला बसवायला आमचे इथले कोच काय कमी होते?" सर हे मराठीत, माझ्याकडे बघून म्हणाले. मी ते भाषांतर केलं नाही. इलिंका चहा तसाच ठेवून उठली.

बाहेर आल्यावर ती पायऱ्यांवर बसली. मी शेजारी बसले. ती म्हणाली, "पाय ही दुसरी गोष्ट आहे. पहिली गोष्ट म्हणजे ही मुलगी खात नाही."

मी म्हटलं, "तिचे उपास आहेत."

"मला तुमचे उपास माहीत झालेत. मीपण करते. उपासाच्या दिवशी पोरी काय करतात ते मी श्रावणापासून बघतेय. दुपारपासून घड्याळाकडे बघतात. केळं कुणाला मोठं मिळालं यावर भांडतात. संध्याकाळी सोडायची वेळ झाली की धावत जातात. गौरी कधी घड्याळाकडे बघत नाही. सोडायच्या वेळी ती बाकीच्यांना वाढत असते."

मला राग आला. मी म्हटलं, "तुला आमच्याकडचं कळणार नाही. प्रत्येक गोष्ट तुमच्याकडच्यासारखी नसते."

तिला राग आला नाही. तिनं पॅन्टचा पाय वर केला. नडगीवर एक लांब, पांढरी पडलेली खूण होती. मग तिनं तिचं सांगितलं. न रडता, हातवारे न करता, बसचं टाइमटेबल सांगावं तसं.

तिचं गाव डोंगराच्या पायथ्याशी. वडील लाकडाच्या कारखान्यात, आई शाळेत स्वयंपाकीण. सहा वर्षांची असताना शाळेत काही माणसं आली, पोरींना दांडीला लटकायला लावलं, पाय मागं वाकवून बघितले आणि तिला उचललं. दूरच्या निवासी केंद्रात घातलं. घरचे खूश, कारण केंद्रात मांस मिळायचं. पण खाणाऱ्या पोरीकडे तिथले कोच कसे बघायचे हे घरच्यांना माहीत नव्हतं. रोज सगळ्यांसमोर वजन करायचे. वाढलं तर सगळ्यांसमोर बोलायचे.

"सुट्टीत घरी गेले की माझी आजी ईस्टरच्या आधीचे उपास धरायची. दूध नाही, अंडी नाही, चीज नाही. आमच्या सरकारला देव चालत नव्हता, त्यामुळे आजी गुपचूप धरायची. मी म्हटलं, मीपण धरते. आजीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर घरी कुणी मला एक घास घे म्हणून आग्रह केला नाही. केंद्रात सांगितलं, घरी खूप खाल्लंय. घरी सांगितलं, केंद्रात खूप देतात. दोन्हीकडे सगळे समाधानी."

पुढचं मला अंदाजानं कळलं होतं. ज्युनिअर संघ, दोन मेडलं, आणि पंधराव्या वर्षी बीमच्या अरुंद पट्टीवरून उतरताना ही नडगी. आवाज हॉलभर ऐकू गेला म्हणाली. नंतर तिकडची राजवट बदलली, केंद्राचं छत गळायला लागलं. दुसरं काहीच येत नव्हतं म्हणून ती लहान मुलींना शिकवायला लागली. इटलीत काही वर्षं, मग तुर्कस्तानात, मग आमच्या हॉलमध्ये.

"चांगली कोच व्हायचं असं काही ठरवलं नव्हतं," ती म्हणाली. "फक्त जेवणाच्या वेळी पोरींच्या शेजारी बसायचं ठरवलं होतं."

मी तरी म्हटलं, "गौरी तशी नाही." पण आता माझा आवाज मघासारखा नव्हता.

एमआरआयला घरच्यांची संमती लागते. फोनवर हे बोलणं होण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गाडी काढून वरकुट्याला निघालो. साखर कारखाने सुरू झाले होते. निमगाव केतकीच्या आसपास उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढं आला आणि त्याच्या मागं आम्ही बराच वेळ चाललो. ट्रॅक्टरवर गाणी लागली होती. इलिंका खिडकीवर बोटानं ताल धरत होती. मी मात्र मनात वाक्यं जुळवत होते. ‘तुमची मुलगी देवाच्या नावाखाली उपाशी राहते’ हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

गौरीच्या घरी तिची आई मंदाताई आणि आजोबा होते. वडील ऊसतोडीवर गेले होते. आजोबांना सगळा गाव आबा म्हणतो. ते ओट्यावर बसून दोर वळत होते. इलिंकाला बघून उठले, खुर्ची पुसली.

"या बाई. लई लांबनं आलाय. पाणी घ्या."

मंदाताईंनी चहाबरोबर पोहे आणले. मी पायाचं सांगितलं, तपासणीचं सांगितलं. त्या लगेच तयार झाल्या. "करा की मॅडम. तुमी म्हणाल तसं." मग जरा पुढं सरकून, अभिमानानं म्हणाल्या, "कायबी व्हनार न्हाय तिला. तिच्या पाठीशी शंकर हाय. सोळा सोमवार सलग झालं बघा. या सोमवारी उद्यापन. घ्यायचं म्हनलं तर मोठ्या बायकांनाबी झेपत न्हाय, मदी अडचण येती. माझ्या पोरीला चार म्हैनं एकदाबी अडचण आली न्हाय. एक सोमवार चुकला न्हाय. देवानंच सांभाळलं."

माझा हात पोह्यांवरच थांबला.

अडचण म्हणजे पाळी. त्या दिवसांत पूजा करत नाहीत, म्हणून आमच्याकडे बायका तिला अडचण म्हणतात. इतके सोमवार सलग गेले आणि एकदाही आड आली नाही. मी विचारलं, "मंदाताई, तिला सुरू झालीय ना?"

"व्हय की. गेल्या उन्हाळ्यात. पन मग थांबली. शेजारची म्हनली, खेळनाऱ्या पोरींचं असंच असतंय. मी म्हनलं, बरं झालं, व्रताला बरं."

हे मी इलिंकाला सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. जिंकल्यासारखं बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

तीन गोष्टी एका माळेत असतात, हे आम्हाला कोर्समध्ये शिकवलेलं आहे. अंगाला लागतं त्यापेक्षा कमी खाल्लं की शरीर आधी पाळी बंद करतं. मग हाडं पोसायचं बंद करतं. शेवटी हाड चिरतं. परीक्षेत हे मी लिहून पास झाले होते. पण त्यात कुठं उपासाचा शब्द नव्हता.

एमआरआयमध्ये चीर दिसली. डॉक्टरांनी स्क्रीनवर पेन्सिलचं टोक ठेवून दाखवलं. "बऱ्यापैकी आत गेलीय. या पायावर व्हॉल्ट मारत होती? नशीब समजा." मग त्यांनी रक्ताच्या तपासण्या लिहिल्या आणि आहारतज्ज्ञ बाईंचं नाव दिलं. "हाड बरं होईल. पण आधी खायला लागली पाहिजे. नाहीतर पुढच्या वर्षी दुसरा पाय घेऊन याल."

गौरीला मी हॉलमध्येच गाठलं. बीमखालच्या मॅटवर ती एकटी बसली होती. इलिंका पलीकडे गुंडाळलेल्या मॅट मोजल्यासारखं करत होती.

मी विचारलं, "गौरी, उपास कुणाचे आहेत?"

मॅटचा धागा ओढत ती म्हणाली, "पैला सोमवार देवाचाच हुता मॅडम. खरंच. ट्रायलसाठी धरला. मग हलकं वाटाया लागलं. व्हॉल्टवर उंच गेल्यासारखं वाटलं. मग गुरुवार धरला. मी वाढाया लागलेय मॅडम, उंच व्हाया लागलेय, मला कळतंय ना. पुण्याच्या पोरी बघितल्या का, कसल्या बारीक हायत. आन् उपास म्हनलं की कुनी पुढं इचारत न्हाय."

"मग पाय दुखला तेव्हा?"

"मला वाटलं देवाला फसवलं म्हनून दुखतोय." आणि मग ती हमसून रडायला लागली. "आबांना सांगू नका. आबांना वाटतंय मी देवाची हाय."

तिला ट्रायलची भीती नव्हती, पायाचीही नव्हती. तिला आबांची भीती होती. मला तेव्हा तिचा राग आला नाही, कीव आली नाही. फक्त हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर ताटात वाढलेलं असून मला दिसलं नाही याचं वाईट वाटलं.

जगदाळे सरांनी रिपोर्ट बघून लांब श्वास सोडला. "इंजेक्शन वगैरे काही? पेनकिलर? एकच दिवस तर आहे."

मी म्हटलं, "नाही सर."

"मी इलिंका मॅडमना विचारतोय."

"त्यांनाही तेच म्हणायचंय. मी भाषांतर करत नाहीये, मी सांगतेय. गौरीचं नाव काढा."

सर मला बारा वर्षांपासून ओळखत होते. मी त्यांना ‘नाही’ म्हटलेलं त्यांनी पहिल्यांदा ऐकलं असावं. त्यांनी नाव काढलं. नंतर महिनाभर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले. माणूस वाईट नव्हता, गौरीच्या नावाचा फ्लेक्स आधीच छापून झाला होता एवढंच.

राहिला सोमवार. उद्यापनाचा. आहारतज्ज्ञ बाई म्हणत होत्या, सगळे उपास ताबडतोब बंद. मंदाताई म्हणत होत्या, सोळा झाले आणि उद्यापन नाही? असं अर्धवट सोडत नाहीत. इलिंकानं मला विचारलं, "हे व्रत संपवायची काही रीत आहे का?"

मी सांगितलं, आहे. सतरावा सोमवार, पूजा, गव्हाच्या चुरम्याचा नैवेद्य. चुरमा तूप-गूळ घालून करतात. त्याचे भाग करतात. एक देवाला, एक लोकांना आणि एक व्रत करणाऱ्यानं स्वतः खायचा. तो खाल्ल्याशिवाय व्रत पुरं होत नाही.

ती हसली. पहिल्यांदाच मला तिचे सगळे दात दिसले. "मग अडचण काय आहे? बीमवर चढलेली मुलगी मधेच उडी मारून पळत नाही. डिसमाउंट करते, म्हणजे रीतीनं उतरते. करू द्या."

सोमवारी आम्ही गौरीला घेऊन पुन्हा वरकुट्याला गेलो. गौरीच्या पायात डॉक्टरांनी दिलेला बूट होता. घरी पोचल्यावर ती थेट ओट्यावर आबांच्या समोर बसली आणि मी काही म्हणायच्या आत सगळं सांगून टाकलं. गुरुवार, शनिवार, सगळं. कुठलं देवाचं आणि कुठलं नाही.

आबा ऐकत होते. दोराचं टोक हातात तसंच होतं. मला वाटलं, आता म्हातारा भडकणार.

ते म्हणाले, "अगं, देव काय वजनकाटा घेऊन बसलाय व्हय? कारखान्याच्या गेटावर बसल्यागत?"

त्यांनी दोर खाली ठेवला.

"उपास धरायचा तो देवाची आठवन ऱ्हावी म्हनून. तुला आठवन कशाची ऱ्हायली? अंगाची. मग त्यो उपास न्हाय, ती नुसती उपासमार. त्याचं पाप तुला न्हाय. आमी मोठी मानसं हितं बसलोय, आमाला दिसलं न्हाय. तुझ्या आयला दिसलं न्हाय, ह्या मॅडमना दिसलं न्हाय. ह्या परक्या बाईला दिसलं." मग मंदाताईंकडे वळून, "तूप काढ. हात आखडू नको."

दुपारी पूजा झाली. चुरम्याचे भाग झाले. गौरीच्या ताटात तिचा भाग पडला. तिनं हात लावला नाही. सगळे तिच्याकडे बघू लागले. त्यानं तिचा हात आणखीच आखडला.

इलिंका उठली, आपलं ताट घेतलं आणि गौरीच्या शेजारी मांडी घालून बसली. त्या दुखऱ्या पायानं मांडी घालायला तिला वेळ लागला. गौरीकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. चुरम्याचा एक घास घेतला, मंदाताईंना खुणेनं अजून तूप मागितलं आणि खात राहिली. बाकीचे आपोआप आपापल्या ताटाकडे वळले. थोड्या वेळानं मी बघितलं तर गौरीही खात होती. हळूहळू, लहान लहान घास. संपवायला तिला फार वेळ लागला. इलिंका तोवर उठली नाही.

एका घासानं काही बरं होत नाही, हे लिहायला हवं. नंतर वर्षभर आहारतज्ज्ञ बाई, पुण्याच्या एक समुपदेशक आणि मंदाताई असं सगळ्यांनी मिळून ते ओढत नेलं. मधे दोनदा गाडी मागं आली. इलिंकाचे सहा महिने संपले आणि ती गेली. जाताना जगदाळे सरांनी तिला शाल-श्रीफळ दिलं. मेसच्या काकूंनी साबुदाण्याची पिशवी दिली. ती पिशवी तिनं हँडबॅगेत घातली.

गौरीचं हाड भरलं. पण ती उंच झाली, तिला आधीच कळलं होतं तसं. उंच पोरींना आमच्या खेळात अवघड जातं. ती नॅशनलला कधीच गेली नाही. राज्य स्पर्धेत एकदा बीमवर चौथी आली. त्याचा फ्लेक्स झाला नाही.

आता ती कॉलेज करते आणि आमच्याच हॉलमध्ये छोट्यांची असिस्टंट कोच आहे. मी इलिंकाला व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं. मला वाटलं अभिनंदन करेल. तिनं तिच्या मोडक्या मराठीत एवढंच विचारलं, "गौरी जेवली?" मी कॅमेरा वळवला. गौरी डबा उघडून बसली होती. भाकरीचा तुकडा तिनं वर करून दाखवला.

परवा चतुर्थी होती. पिंपळीची एक चिमुरडी वॉर्मअपच्या आधी येऊन म्हणाली, "दीदी, आज माझा उपास हाय." मी पलीकडे बार्सच्या केबल तपासत होते. पूर्वी मी म्हटलं असतं, शाब्बास.

गौरीनं विचारलं, "बरं. सोडणार कशानं?"

"मोदक! आयनं पाच केल्यात. दोन दादाला, तीन मला."

"जा पळ," गौरी म्हणाली. पोरगी पळत सुटली.

तिच्या मागून एक मोठी मुलगी आली, तिचाही उपास होता. गौरीनं तिलाही तेच विचारलं. ती म्हणाली, "बघू. भूक लागली तर."

गौरीनं तिच्याकडे जरा वेळ बघितलं. मग आपल्या मॅटवर थोडी सरकली आणि म्हणाली, "संध्याकाळी माझ्याशेजारी बस."